कर्णबधिर नटाला घेऊन नाटक बसवायचंय? मग हे वाचा

एकांकिकेत कर्णबधिर पात्र असलं की आपल्याकडे ग्रुपमधलाच ऐकू येणारा एखादा पोरगा चार दिवस हातवारे शिकतो आणि उभा राहतो, हे आधी बंद करा प्लीज. कर्णबधिर कुटुंबावरच्या 'कोडा' या इंग्रजी सिनेमाच्या वेळी कर्णबधिर बापाच्या रोलला कोणीतरी ऐकू येणारा मोठा स्टार घ्यायचं चाललं होतं, तर आईचा रोल करणारी कर्णबधिर नटी मार्ली मॅटलिन म्हणाली मग मी पण नाही, आणि रोल कर्णबधिर नट ट्रॉय कोत्सुरला मिळाला, २०२२ ला त्याच रोलसाठी ऑस्कर. तो काही एका रात्रीत उगवला नव्हता, लॉस एंजेलिसच्या डेफ वेस्ट या कर्णबधिर नटांच्या थिएटरमध्ये वर्षानुवर्षं नाटकं करत होता. स्टेज मिळालं म्हणून नट घडला, आपल्याकडच्या पोरांना ते स्टेजच कोणी देत नाही.

तर पहिलं काम, बजेटमध्ये लाइट आणि सेटच्या आधी साइन लँग्वेज इंटरप्रिटरचे, म्हणजे खुणांची भाषा आणि बोलणं यातल्या दुभाष्याचे पैसे लिहा. नटाच्या बहिणीला बसवू आणि भागवू असं नको, ती बिचारी घरची माणूस आहे. मुंबईत बांद्र्याला कर्णबधिरांसाठीच्या अली यावर जंग संस्थेत इंटरप्रिटरचा कोर्स चालतो, तिथे चौकशी करा. तालीम मोठी असेल तर दोघं लागतात, अर्ध्या तासात हात आणि डोकं दोन्ही थकतं.

मग संहिता. मराठी वाक्याला शब्दाला शब्द खूण लावत बसलात तर सगळं लाकडासारखं होतं, कारण भारतीय साइन लँग्वेजला स्वतःचं व्याकरण आहे आणि त्यातलं बरंचसं चेहऱ्यावर असतं, भुवया वर गेल्या की वाक्याचा प्रश्न होतो. म्हणून ब्लॉकिंगच्या (स्टेजवर कोण कुठे उभं राहणार, कसं हलणार) आधी आठवडाभर फक्त भाषांतराला ठेवा आणि शेवटचा शब्द कर्णबधिर माणसाचाच, तो नट असो नाहीतर खुणांचं काम बघणारा वेगळा साइन डायरेक्टर असो.

आता तालीम, खरी गडबड इथेच होते. नट एकतर कागद बघेल नाहीतर इंटरप्रिटर, दोन्ही एकदम नाही जमत, त्यामुळे तो स्क्रिप्टमधून मान वर करेपर्यंत तुम्ही गप्प बसा. एकावेळी एकानेच बोला. इंटरप्रिटरला दिग्दर्शकाच्या शेजारी उभं करा. आमच्या एका तालमीत सगळे "थांब थांब" ओरडत होते आणि तो आपला पूर्ण तन्मयतेने सीन करत होता, कारण सगळे त्याच्या पाठीमागे होतो, मला अजून त्याची लाज वाटते. तेव्हापासून थांबायचं असेल तर हॉलचा दिवा बंद-चालू करतो.

क्यू, म्हणजे नटाने कधी काय करायचं त्याचे इशारे, सगळे डोळ्यांना दिसणारे किंवा अंगाला कळणारे हवेत. समोरच्याने ग्लास ठेवला की एंट्री, खांद्यावर हात पडला की वळायचं, विंगेत छोटा लाल दिवा. डेफ वेस्टचं 'स्प्रिंग अवेकनिंग' २०१५ ला ब्रॉडवेवर गेलं, अख्खं म्युझिकल, कर्णबधिर नट साइन करायचे आणि त्यांचा आवाज म्हणून दुसरे नट गायचे, आणि गाणं कधी सुरू करायचं ते स्पर्शाने नाहीतर लाइटने कळायचं. स्टेजची फळी थरथरते त्यावरून कळेल असं मात्र धरून चालू नका, प्रत्येकाला कळतंच असं नाही. आणि ब्लॅकआउटमध्ये नटाशी बोलायचं कसं ते आधीच ठरवा, अंधारात खूण दिसत नाही.

शूटिंग असेल तर कॅमेरामनला आधीच सांगा की चेहऱ्याच्या क्लोजअपमध्ये हात कापले तर डायलॉगच कापला. फ्रेम कमरेपर्यंत ठेवा, हात उठून दिसावेत म्हणून अंगात साधा एकरंगी शर्ट द्या, आणि एडिटिंगला कर्णबधिर माणूस शेजारी बसवा नाहीतर एडिटर अर्ध्या वाक्यात कट मारतो आणि त्याला पत्ताही नसतो.

अजून एक, ऑडिशनच्या पोस्टवर फक्त फोन नंबर टाकू नका, व्हॉट्सॲप व्हिडिओ चालेल असं लिहा. आणि फक्त कर्णबधिर पात्रापुरतं बोलावू नका, पोस्टमन, वकील, भांडखोर भाऊ, कशालाही बोलवा.