रस्त्यात कुणी आडवं आलं तर काय करायचं, हे घरात बसूनच ठरवा

सेल्फ डिफेन्स म्हटलं की लोकांना लगेच कराटे नायतर चाकू आठवतो. पण सांगलीत विश्रामबागला सकाळी फिरायला निघालेल्या बाईचं गंठण बाईकवरची दोघं मागून ओढतात तेव्हा दोन-तीन सेकंदात विषय संपलेला असतो, तिथं कसलं कराटे काढणार? म्हणून तयारी आधी डोक्यात करायची.

पहिलं म्हणजे काय सोडायचं ते ठरवा. मोबाईल, पर्स, चेन, गाडी, मागितलं की सोडायचं. ओढलेली चेन धरून ठेवली की गळा कापतो नायतर माणूस फरफटत जातो. आणि हे घरात सगळ्यांसमोर बोलून घ्या, कारण "एवढं तोळ्याचं होतं, सोडलंस कसं" असं नंतर घरचेच बोलणार या धास्तीनं बऱ्याच बायका सोडत नाहीत. फक्त एक गोष्ट ऐकायची नाही, कुणी गाडीत बस म्हणालं, पलीकडं चल म्हणालं तर हलायचं नाही, जी काय झटापट करायची ती तिथंच, लोकांसमोर.

दुसरं, आवाज. घरात दार लावून "ए, मागं सर!" असं पोटातनं ओरडून बघा, पहिल्यांदा आवाजच फुटत नाही बघा. खरा प्रसंग आला की घसा कोरडा पडतो, पाय जागेवर खिळतात, ते भित्रेपणा नव्हे, बऱ्याच जणांचं शरीर तसंच वागतं. अशा वेळी श्वास लांब सोडायचा आणि तोंडात बसलेलं ते एकच वाक्य बाहेर काढायचं. मदत मागताना पण नुसतं "वाचवा" नको, "ओ निळा शर्टवाले दादा, इकडं या" असं एकाला धरून हाक मारा, सगळ्यांना मारलेली हाक कुणीच घेत नाही.

तिसरं तोतया पोलिसांचं, यात जास्त करून म्हातारी माणसं सापडतात. साध्या कपड्यातला एक जण थांबवतो, "आज्जी, पुढं चेकिंग हाय, दागिने काढून रुमालात बांधा", स्वतःच पुडी बांधून देतो आणि घरी येऊन सोडली की आत खडे. खरा पोलीस रस्त्यात दागिने काढायला सांगत नाही. आज्जीला एवढंच शिकवा, "चला, चौकीतच जाऊन काढते" म्हणायचं आणि चालू लागायचं.

आता हत्यार. आपल्याकडं ऊसतोडीचा कोयता काय घरोघरी असतो, पण तो डिकीत घेऊन "सेफ्टीसाठी" फिरणाऱ्यांचं मला काय पटत नाही. झटापटीत तोच कोयता समोरच्याच्या हातात जाऊ शकतो, शिवाय जिल्हाधिकारी सणासुदीला महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली बंदी आदेश काढतात, तेव्हा हत्यार काय, काठी घेऊन फिरला तरी केस होऊ शकते. त्यापेक्षा पेपर स्प्रे बरा, लायसन लागत नाही. पण तो पर्सच्या तळाला टिकल्यांच्या पाकिटाखाली नको, हातात पायजे, एक्सपायरी बघा, मोकळ्या जागेत एकदा मारून बघा आणि वारं आपल्याकडं येत असेल तर मारू नका, आयर्विन पुलावरच्या वाऱ्यात आपलेच डोळे जायचे. मारला की बघत थांबायचं नाही, उजेडातल्या दुकानाकडं पळायचं.

कायदा तुमच्या बाजूनं आहे पण हिशोबात. भारतीय न्याय संहितेची (२०२३ ची, १ जुलै २०२४ पासून लागू) कलमं ३४ ते ४४ स्वसंरक्षणाची आहेत. बचावाला लागेल तेवढाच मार द्यायचा. तो पळाला, खाली पडला, त्यावर परत दगड घातला की ते स्वसंरक्षण राहात नाही, मग आरोपी तुम्ही.

सुटला की ११२ लावा. बऱ्याच फोनला पॉवर बटण तीनदा किंवा पाचदा दाबलं की इमर्जन्सी कॉल जातो, आजच सेटिंगमध्ये बघून ठेवा. मग विसरायच्या आत गाडीचा रंग, नंबरातलं आठवेल तेवढं, कुठल्या बाजूला गेले ते फोनमध्ये बोलून रेकॉर्ड करा. घटना मिरजेत झाली आणि तुम्ही सांगलीत असला तरी जवळच्या ठाण्यात झिरो एफआयआर होतो, हद्दीचं कारण देऊन परत पाठवता येत नाही. ऑनलाइन तक्रार टाकली तर तीन दिवसांत जाऊन सही करायला लागते. एफआयआरची कॉपी फुकट मिळते, ती मागूनच घ्या.