गॅलार्डिया फुलेना, तेव्हा

दिवसभर ऊन, आठवड्याला शेणखत, रोज पाणी. तरी माझ्या गॅलार्डियाला नुसता पाला! दोन रोपं तर बुडाशी कुजून आडवी झाली.

चूक माझ्या लाडात होती. हे मूळचं अमेरिकेतल्या कोरड्या माळरानांचं झाड. त्याला हलकी, निचऱ्याची जमीन लागते. खतातलं नत्र (नायट्रोजन) जास्त झालं की पानं माजतात, फुलं रुसतात. मग खत पूर्ण बंद केलं, वाफा उंच करून मातीत जाडी वाळू मिसळली. बोट दोन इंच खुपसून माती कोरडी लागली, तरच पाणी, तेही बुंध्याशी.

सुकलेली फुलं देठासकट खुडत राहिले. (गोल, केसाळ बोंडं कळ्या समजू नका, त्यात बी असतं.) महिन्याभरात लाल-पिवळ्या फुलांनी वाफा भरला.