घरी ओकमध्ये व्हिस्की मुरवताय? मग या चुका टाळा, माझ्या बहुतेक करून झाल्यात

गणपती होऊन गेल्यावर माळ्यावरची बरणी खाली काढली, बाल्कनीच्या उजेडात धरली आणि आतली व्हिस्की काळी. डार्क ब्राऊन वगैरे नाही हो, शाईसारखी निळसर काळी. ग्लासात थोडी ओतून तिरकी केली तर कडेला राखाडी रेघ. बायको म्हणाली हे पेनात भरा. झालं काय होतं तर ओकच्या लाकडाच्या चिप्स, म्हणजे चव उतरावी म्हणून व्हिस्कीत टाकतात ते छोटे तुकडे, वर तरंगत होत्या, मला वाटलं अख्ख्या बुडायला हव्यात, म्हणून मलमलच्या पुरचुंडीत चिप्सबरोबर वजनाला एक लोखंडी नट टाकला. ओकमध्ये टॅनिन हा तुरट घटक भरपूर असतो आणि टॅनिनला लोखंड भेटलं की काळा रंग धरतो, पूर्वी हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) घालून शाई करायचे ती हीच केमिस्ट्री. साडेसातशे मिली बेसिनमध्ये गेली.

तर पहिली चूक ही. लोखंडी नट, खिळा, गंजकं गाळणं, तारेची घासणी, यातलं काहीही दारूला लागू द्यायचं नाही. चांगलं स्टेनलेस स्टील चालतं. आणि मुळात वजनाची गरजच नसते, चिप्स भिजल्या की दोन-चार दिवसांत आपोआप खाली बसतात.

पुढे जायच्या आधी एक गोष्ट क्लिअर करतो कारण हा विषय निघाला की कोणीतरी विचारतंच, "घरीच गाळायची का?" नाही. घरी दारू गाळणं म्हणजे हातभट्टी, महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम १९४९ खाली गुन्हा आहे, तांब्याचं भांडं कितीही चकचकीत असलं तरी. मी बोलतोय ते दुकानातून बिलावर घेतलेल्या बाटलीबद्दल, परमिट काढून. आणि ओळखीतल्या कोणाकडून "प्युअर स्पिरिट" मिळतंय, ते ओकमध्ये टाकू, असं डोक्यात असेल तर ते आत्ताच काढून टाका. २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत शंभरावर माणसं गेली ती मिथेनॉल या विषारी अल्कोहोलने. ओक मिथेनॉल शोषून घेत नाही, तुम्ही वर्षभर मुरवा नाहीतर दहा वर्षं.

आता दुसरी चूक, लाकूड. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

माझा मेव्हणा घोडबंदर रोडला राहतो, त्याने एकदा मोठ्या उत्साहात फोन केला, "दाजी, तुम्ही ऑनलाइन चिप्सला एवढे पैसे घालता, माझ्याकडे सिल्व्हर ओकचा अख्खा ओंडका आलाय, चिकमगळूरवरून." त्याला म्हटलं अरे बाबा, सिल्व्हर ओक हा ओक नाहीच. ते ग्रेव्हिलिया नावाचं ऑस्ट्रेलियातून आलेलं झाड, कॉफीच्या मळ्यांत सावलीला लावतात, नावात ओक आहे एवढंच. त्याला पटलं नाही, त्याने टाकलंच, आणि पंधरा दिवसांनी व्हिस्कीला पेन्सिलचा भुसा भिजवल्यासारखी चव आली. त्यानंतर तो माझं ऐकतो, निदान या विषयात.

दुसरा प्रकार आपल्या नवी मुंबईत जास्त चालतो. तुर्भे, तळोजा, उरणच्या बाजूला गोडाऊनबाहेर इंपोर्टेड पॅलेटचे ढीग पडलेले असतात, कोणीतरी सांगतं यातलं अमुक ओकचं आहे, फुकट घेऊन जा. घेऊ नका. बहुतेक पॅलेट पाइनचे असतात, आणि त्यांच्यावर शिक्का बघितलात तर एचटी किंवा एमबी लिहिलेलं दिसेल, एचटी म्हणजे नुसती उष्णता दिलेली आणि एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली. एचटी असलं तरी त्याच्यावर प्रवासात कुठलं केमिकल सांडलं होतं ते कोणाला माहीत? सुताराकडचा उरलेला तुकडाही तसाच, पॉलिश, फेविकॉल, वाळवीचं औषध, काय काय असतं त्यात. ओक फिनिश म्हणून जे विकतात तो तर बहुतेक वेळा कागदच असतो. खाण्यापिण्यासाठी म्हणून विकलेल्या चिप्स किंवा काड्या घ्या, पाकिटावर अमेरिकन व्हाइट ओक किंवा फ्रेंच ओक असं स्पष्ट लिहिलेल्या. अमेरिकन ओकमध्ये खोबऱ्याकडे झुकणारा गोडसर वास जास्त येतो, मला तोच आवडतो, कोकणी माणूस आहे काय करणार.

कच्च्या, न भाजलेल्या चिप्स टाकणं ही तिसरी चूक. लाकूड भाजल्याशिवाय त्यातून फक्त तुरटपणा येतो. भाजल्यावर लिग्निन तुटून व्हॅनिलिन होतं, हेमिसेल्युलोज तुटून साखरेसारखे, कॅरॅमलसारखे पदार्थ होतात, व्हिस्कीत जो व्हॅनिला-टॉफीचा वास येतो तो यातला. पाकिटावर टोस्टेड लिहिलं असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर चिप्स ॲल्युमिनियम फॉइलमध्ये घट्ट गुंडाळून ओटीजीत १९० अंशांवर दोनेक तास. एक तासानंतर घरभर बिस्किट भाजल्यासारखा वास सुटतो, समोरचे काका हमखास विचारतात केक करताय का. फॉइल उघडल्यावर आतला तुकडा खारकेच्या रंगाचा हवा, कोळसा नको. गॅसवर चिमट्यात धरून बाहेरून थोडं जाळायचं असेल तर तेही जमतं, पण कोरडं लाकूड. एकदा दारूत भिजलेलं लाकूड परत भाजायला कधीही जाऊ नका, मी एक काडी "जरा अजून जाळून काळी करू" म्हणून गॅसवर धरली आणि भक्कन ज्योत मनगटापर्यंत आली. केस गेले, बाकी वाचलो.

चौथी चूक म्हणजे माप. मूठभर टाकल्या, महिनाभर विसरलो. चिप्स छोट्या असतात, सगळ्या बाजूंनी कापलेल्या, त्यामुळे चव फार पटकन सोडतात आणि आपल्या उकाड्यात तर अजूनच पटकन. माझं आताचं माप ७५० मिलीला ४ ग्रॅम, किचनच्या काट्यावर मोजून. तिसऱ्या दिवसापासून रोज एक चमचा चाखायची, थोडं पाणी घालून, नाहीतर जीभ बधिर होते आणि काही कळत नाही. जिभेच्या कडांना कच्ची सुपारी चघळल्यासारखं वाटायला लागलं की झालं, चिप्स बाहेर. माझ्याकडे मे महिन्यात हे सहाव्या-सातव्या दिवशीच होतं, डिसेंबरमध्ये दहा-बारा दिवस चालतं. बोटाएवढी जाड काडी वापरली तर सगळं सावकाश होतं आणि चुकायला वेळ मिळतो, नवीन माणसाने तीच घ्यावी असं माझं मत.

जास्त झालीच तर? साखर घालू नका, मध घालू नका, तुरटपणा जात नाही, वरून गोड होतं एवढंच. त्याच ब्रँडची अजून एक बाटली आणा आणि मिसळा. अर्धी-अर्धी करून बघा, मग एकास दोन. माझी सगळ्यात बरी बाटली अशा बिघडलेल्या मालातूनच झाली आहे.

रंगाला फसू नका, हे मी मोठ्याने सांगतो. दोन दिवसांत रंग चढला म्हणून लोक फोटो पाठवतात, "भाई बारा वर्षांची झाली". आपल्याकडच्या बहुतेक व्हिस्क्या मळीपासून किंवा धान्यापासून केलेलं न्यूट्रल स्पिरिट (स्वतःची चव नसलेलं अल्कोहोल), त्यात थोडं माल्ट आणि रंगाला कॅरॅमल अशाच असतात, म्हणजे बाटली फोडायच्या आधीच ती ब्राऊन आहे. लाकडाची चव उतरणं वेगळं आणि मुरणं वेगळं. लोणच्यात मसाला पहिल्या दिवशीच लागतो, पण फोड मुरायला जो वेळ लागतो तो लागतोच ना, इथे तो वेळ हवेतल्या ऑक्सिजनशी हळूहळू होणाऱ्या बदलांचा असतो, आणि त्याला शॉर्टकट नाही. स्कॉचला कायद्यानेच ओकच्या बॅरलमध्ये किमान ३ वर्षं लागतात. म्हणून चिप्स आठवड्यात काढल्या तरी ती गाळलेली व्हिस्की लगेच प्यायची घाई करू नका, बरणीत वरती थोडी जागा ठेवून, झाकण बंद करून, आठवड्यातून एकदा उघडून हलवून परत बंद करून दोन-तीन महिने ठेवा. धार कमी होते. मेव्हण्याने यावरही डोकं लावलं, हवा लागायला पाहिजे ना मग झाकण कशाला, म्हणून नुसतं फडकं बांधून ठेवली. महिन्याने अल्कोहोल बरंचसं उडून गेलेलं आणि खाली गोडूस लाकडी पाणी.

उन्हात ठेवायची हौस आपल्याकडे फार. साखरांबा उन्हात होतो म्हणून ही पण होईल, असं माझ्या आईला खरंच वाटलं आणि तिने बरणी बाल्कनीच्या कठड्यावर नेऊन ठेवली होती. उन्हाने चव बिघडते ती बिघडतेच, पण ४० टक्क्यांच्या आसपासच्या दारूच्या वाफा साधारण २६ अंशांना पेट घेण्याइतक्या होतात, आणि आपल्याकडे मेमध्ये रात्री तरी एवढं तापमान खाली येतं का? त्यामुळे गॅसच्या ओट्याजवळ नाही, देवघराखालच्या कपाटात तर अजिबात नाही, समई पेटलेली असते वरती. अंधारं, त्यातल्या त्यात थंड कपाट. बरणी काचेची, प्लास्टिकची नको. लोणच्याची जुनी बरणी वापरणार असाल तर झाकण आणि त्यातलं रबर नवीन घ्या. काच धुतल्यावर वास जातो, रबरातला हिंग जात नाही, विचारू नका कसं माहीत.

आता छोटं बॅरल. दिसायला एवढं भारी असतं की मीही घेतलं, दोन लिटरचं. यात लोक दोन ठिकाणी मार खातात. पहिलं म्हणजे कोरडं बॅरल थेट भरायचं. फळ्या सुकलेल्या असतात, फटीतून गळतं. आधी साधं पाणी भरून दोन-तीन दिवस ठेवायचं, रोज पाणी बदलायचं, लाकूड फुगलं की गळती थांबते. नाही थांबली तर त्या जागी मेण चोळा. दुसरं म्हणजे वेळेचा हिशोब. बर्बन या अमेरिकन व्हिस्कीचं मोठं बॅरल साधारण २०० लिटरचं असतं, त्याच्या मानाने दोन लिटरच्या बॅरलमध्ये प्रत्येक लिटरचा साडेचार-पाच पट जास्त लाकडाशी संपर्क येतो. त्यामुळे पहिली भरती दोन-तीन आठवड्यांतच काढावी लागते, नंतरच्या भरत्या हळूहळू लांबवायच्या. "एक महिना म्हणजे एक वर्ष" असं विकणारे सांगतात ते फक्त लाकडाच्या चवीपुरतं, मुरण्याशी त्याचा संबंध नाही.

आणि उडून जाते ती वेगळीच. स्कॉटलंडमध्ये वर्षाला साधारण २ टक्के उडते, अमृत या बेंगळुरूच्या व्हिस्की कंपनीच्या बॅरलमधून १० टक्क्यांच्या वर जाते. माझ्या एवढ्याशा बॅरलमधून चार महिन्यांत जवळजवळ एक क्वार्टर गेली. त्यात आपली हवा दमट, त्यामुळे लाकडातून पाणी फारसं बाहेर जात नाही, अल्कोहोल मात्र जात राहतं, म्हणजे ४२.८ टक्के अल्कोहोलने सुरू केलेली खाली खाली येते. पावसाळ्यात तर मी आता बॅरल वापरतच नाही, नेरुळला खाडीवरून जी दमट हवा येते त्यात बाहेरून बुरशी धरते आणि कड्या गंजतात. जून ते सप्टेंबर काचेची बरणी.

एक छोटी शंका नेहमी येते. फ्रिजमध्ये ठेवली किंवा बर्फ टाकला की गढूळ दिसते, खराब झाली का? नाही. थंडीत काही तेलकट घटक वेगळे होतात, अल्कोहोल ४६ टक्क्यांच्या खाली असेल तर हे जास्त दिसतं, कंपन्या त्यासाठी थंड करून गाळतात. प्यायला काही हरकत नाही. काळे कण असतील तर तो कोळशाचा चुरा, आधी मलमल आणि मग कॉफीचा फिल्टर पेपर, सावकाश, एक बाटली गाळायला अर्धा तास जातो. ॲक्टिव्हेटेड कार्बनमधून काढू नका, जी चव आणायला एवढा खटाटोप केला तीच निघून जाईल.

वापरलेल्या चिप्स टाकू नका, दुसऱ्यांदा रममध्ये चालतात, दुप्पट दिवस लागतात पण तुरटपणा जवळजवळ येत नाही. आणि बॅरल रिकामं झालं की त्याच दिवशी परत भरा, व्हिस्की नसेल तर स्वस्तातली काहीतरी भरा, चार दिवस कोरडं राहिलं की परत फळ्या सुकून गळायला लागतं आणि मग ती पाणी भरायची सगळी कवायत पहिल्यापासून.