व्होकल ग्रुपसाठी लूपर घेताय? या चुका टाळा

लूपर म्हणजे गायलेली ओळ रेकॉर्ड करून तीच पुन्हा पुन्हा वाजवणारं यंत्र; त्यावर आवाजाचे थर चढवत गाता येतं. स्पर्धांचे दिवस जवळ आले की फोन सुरू होतात. "दादा, आम्ही पाच जण गातो. कुठला लूपर घेऊ?" मी विचारतो, "मिक्सर कुठला आहे?" पलीकडे शांतता. (मिक्सर म्हणजे सगळ्या माइकचे आवाज एकत्र करणारा बोर्ड.) मॉडेल सगळ्यात शेवटी ठरवायचं असतं. आधी पाच माइकचा आवाज लूपरमध्ये जाणार कसा आणि बाहेर कुठे निघणार, हे कागदावर काढा.

सगळ्यात जास्त वेळा दिसणारी चूक म्हणजे 'पाच ट्रॅक, म्हणून पाच गायक' असं धरून चालणं. ट्रॅक म्हणजे लूप साठवायची जागा, माइकची नव्हे. बॉस कंपनीच्या आरसी-५०५ एमके टू या लूपरला पाच स्टिरिओ ट्रॅक आहेत, पण माइक थेट लावायच्या जागा दोनच. पायाने चालवायच्या आरसी-६००ला ट्रॅक सहा, माइकच्या जागा तिथेही दोन. म्हणजे ग्रुपला मिक्सर लागणारच. आणि मिक्सर आला की खरी गडबड सुरू होते.

एका कॉलेजच्या स्नेहसंमेलनात मी प्रेक्षकांत होतो. साउंडवाल्याने मिक्सरचा मेन आउट, म्हणजे सगळे आवाज एकत्र होऊन बाहेर पडतात ती मुख्य वाट, लूपरला दिला होता आणि लूपरचा आवाज त्याच मिक्सरच्या एका चॅनेलवर परत घेतला होता. साउंडचेकला त्या चॅनेलचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) खालीच होता, त्यामुळे कुणाला काही कळलं नाही. प्रत्यक्ष कार्यक्रमात पहिला लूप ऐकू यावा म्हणून फेडर वर केला आणि कान फाटतील असा भोंगा वाजला. लूपरचा आवाज मेनमध्ये, मेनचा पुन्हा लूपरमध्ये, असं चक्रच तयार झालं होतं. तीन महिने तालीम केलेली मुलं माइक धरून नुसती उभी राहिली. ते चेहरे मी विसरलेलो नाही.

म्हणून लूपरला मेन आउट कधीही देऊ नका. एक ऑक्स सेंड, म्हणजे निवडक चॅनेलचा आवाज बाहेर पाठवायची मिक्सरवरची वेगळी वाट, फक्त लूपरसाठी राखून ठेवा. गायकांच्या चॅनेलवर तो उघडायचा आणि लूपर जिथे परत येतो त्या चॅनेलवर शून्य. त्या शून्यावरच्या नॉबला मी लाल टेप चिकटवतो, म्हणजे घाईत कुणाचा हात जात नाही. शिवाय थेट गाण्याचा आवाज लूपरमधून बाहेर पडणं बंद करता येतं का, ते घेण्याआधी तपासा. नाहीतर तोच आवाज दोन वाटांनी येतो आणि पोकळ वाटायला लागतो.

दुसरी चूक कानाची आहे. साथीशिवाय गाणारा ग्रुप चार ओळींत नकळत सुराला उतरतो. लूप उतरत नाही. मग पहिला थर एका सुरात आणि पाचवा किंचित खाली. त्यात समोरच्या मॉनिटरमधला (गायकांकडे तोंड करून ठेवलेल्या स्पीकरमधला) लूप उघड्या माइकमधून पुन्हा रेकॉर्ड होतो आणि प्रत्येक ओव्हरडबला, म्हणजे लूपवर नवा थर चढवताना, चिखल वाढत जातो. आजूबाजूचे बारीक आवाजही पकडणारे कंडेन्सर माइक इथे नकोच. एसएम५८सारखे डायनॅमिक माइक घ्या, तोंडाजवळ धरा, त्यांची पाठ मॉनिटरकडे ठेवा. जमेल तर लूप इयरफोनमध्येच द्या, पण वायरचे इयरफोन. ब्लूटूथमध्ये आवाज उशिरा पोहोचतो, लय हातची जाते.

लूप संपवायचं पेडल गाण्यातला शब्द संपला की दाबू नका, समेवर दाबा. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत तीनतालाचं १६ मात्रांचं आवर्तन बरोबर ८ सेकंदांचं. तेवढं हाताने मोजता येत नसेल तर यंत्र घेण्याची घाई करू नका. यंत्राने चूक सुधारत नाही, ती दर ८ सेकंदांनी परत ऐकवते.

गिटारचं एका बटणाचं पेडल स्वस्त मिळालं म्हणून माइक त्यात खुपसू नका, माइकचा सिग्नल त्याला पुरत नाही. लूपरला अडॅप्टर कंपनीचाच वापरा. पेडल दाबायचं काम एकाच माणसाकडे ठेवा.

आणि पैसे भरण्याआधी तेच मॉडेल एक दिवस भाड्याने आणा. पाचही जणांनी, आपल्याच मिक्सरवर, पूर्ण गाणं तीनदा गाऊन बघा.