पुन्हा साथ आली तर: केमोचा कागद घरात हवा

मार्च 2020 मध्ये रेल्वे थांबली तेव्हा आईच्या सहापैकी चार केमो झाल्या होत्या. पाचवीला अमळनेरहून मुंबई गाठणं शक्यच नव्हतं. जळगावचे एक डॉक्टर द्यायला तयार झाले. त्यांनी विचारलं, "आधी काय दिलंय? किती डोस?" माझ्याकडे नुसती बिलं होती, फाईल मुंबईला. कागद हाती येईपर्यंत 21 दिवसांनी द्यायची केमो आणखी 16 दिवस लांबली.

म्हणून आधी केमोचा कागद. औषधांची नावं, प्रत्येकाचा डोस, कितवी सायकल (केमोची फेरी), तारीख, उंची-वजन (बहुतेक डोस त्यावरून काढतात), रिअ‍ॅक्शन आली असेल तर तीही. सोबत बायॉप्सीचा (गाठीचा तुकडा तपासल्याचा) रिपोर्ट. प्रत्येक केमोनंतर दवाखान्यातून निघण्याआधीच मागा. पुढच्या वेळी घेऊ म्हणू नका, पुढची वेळ कुठे येईल सांगता येत नाही. फोटो काढून तिघांच्या मोबाईलवर ठेवा.

मग मूळ डॉक्टरांना विचारा: रस्ता बंद झाला तर जवळ कुठे, काय देता येईल, काय थांबू शकेल? हे त्यांनीच ठरवायचं. घाबरून गोळ्या स्वतःहून बंद करू नका. महिनाभराच्या जास्तीच्या लिहून घ्या.

ताप 100.4 झाला की लगेच फोन, रात्री दोनलाही. केमोनंतर पांढऱ्या पेशी घटलेल्या असतात, साधा जंतुसंसर्ग काही तासांत जिवावर बेततो. साथीत सगळे म्हणतात, कोरोनाच असेल, दोन दिवस घरी थांबा. थांबू नका. दारातच सांगा, "केमो चालू आहे," आणि कागद पुढे करा. क्रोसिन देण्याआधी ताप मोजून लिहून ठेवा.

पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन 2 ते 8 अंशांत, म्हणजे फ्रिजमध्ये ठेवावं लागतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 ला टेकतो, त्यात लाईट जाते. थर्मासमध्ये बर्फ ठेवा, पण इंजेक्शन बर्फाला चिकटू देऊ नका, गोठलं की वाया.

पोर्ट किंवा पिक लाईन (औषधासाठी शिरेत बसवलेली नळी) असेल तर ती फ्लश कोण करेल, म्हणजे तुंबू नये म्हणून धुऊन कोण देईल, ते आधीच ठरवा. गाडीवाला, त्याचा नंबर, प्रवासाच्या पासासाठी डॉक्टरांची चिठ्ठी. रक्त द्यायला गावातले दोघे-तिघे. मास्क, साबण माहीत आहेच.

आणि तो कागद. आजच फोटो काढा.