पणजोबा मिलिट्रीत होते? आधी पलटण आणि नंबर शोधा, बाकीचं नंतर

सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडच्या कितीतरी घरांत एवढंच माहीत असतं की पणजोबा मराठा पलटणीत होते, बसऱ्याला गेले होते आणि म्हातारपणी पेन्शन यायची. एवढ्या भांडवलावर लोक थेट लंडनच्या वेबसाइट उघडून बसतात आणि वैतागतात. तिकडे ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचे (लंडनमधल्या हिंदुस्थानच्या कारभार खात्याचे) कागद आहेत खरे, पण त्यात मुख्यतः गोरे साहेब सापडतात. आपल्या शिपाई-हवालदारांचे कागद ज्याच्या त्याच्या पलटणीकडे राहिले, म्हणजे इथंच. त्यामुळे शोध माळ्यावरच्या ट्रंकेपासून सुरू करा, लॅपटॉपपासून नको.

पाहिजेत दोनच गोष्टी, सर्व्हिस नंबर आणि पलटण, आणि दोन्ही एकत्र, कारण तेव्हा प्रत्येक पलटणीचे नंबर वेगळे चालायचे, नुसता नंबर घेऊन काही होत नाही. घरात मेडल असेल तर निम्मं काम झालंच समजा. पहिल्या महायुद्धाचं राजाच्या तोंडवळ्याचं गोल मेडल असेल, मागे घोडेस्वार असलेलं, तर त्याची कड बघा, रुपयाची कड बघतो तशी. तिथं बारीक इंग्रजी अक्षरांत ओळीनं नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. इंद्रधनुषी फितीचं व्हिक्टरी मेडल असेल तर तिथंही कडेवरच, आणि १९१४-१५ चा तारा असेल तर मागच्या बाजूला. दुसऱ्या महायुद्धाच्या ताऱ्यांवरसुद्धा आपल्या लोकांची नावं बऱ्याचदा कोरलेली सापडतात. मोबाइलचा टॉर्च आडवा धरा आणि फोटो काढून झूम करा. आणि एक, चिंच लावून घासायला काढू नका हो, अक्षरं आधीच झिजलेली असतात, त्यात आपली हौस.

मेडल विकलं गेलं असेल (बऱ्याच घरांत दुष्काळात गेलंच) तर डिस्चार्ज बुक, पेन्शनचं पुस्तक किंवा पीपीओ (पेन्शन चालू केल्याचा आदेश), मनीऑर्डरच्या पावत्या, 'जंगी इनाम' (लढाईतल्या कामगिरीचं सरकारी इनाम) असं लिहिलेला कागद, काहीही चालेल. युनिफॉर्ममधला फोटो असेल तर खांद्यावरची पितळी अक्षरं वाचायचा प्रयत्न करा. गावात चावडीवर किंवा देवळाच्या भिंतीत 'या गावातून १९१४-१९ च्या युद्धात इतके गेले, इतके परत आले नाहीत' अशी संगमरवरी पाटी असते, तिच्यावर बहुतेक वेळा नुसता आकडा असतो, नावं नसतात, पण पाटी आहे म्हटल्यावर गावात आणखी घरं निघतील, त्यांच्याकडं विचारा.

आता पलटणीचं नाव मिळालं तरी ते आजच्या नावाशी जुळवावं लागतं. १९२२ साली सगळ्या पलटणींची नावं बदलली. १०३, १०५, ११०, ११६ आणि ११७ या मराठा पलटणी ५ व्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या ते पाचव्या बटालियन झाल्या आणि ११४ वी ट्रेनिंग बटालियन झाली. म्हणजे पणजोबा '११० मराठा'त असतील आणि तुम्ही तिसरी बटालियन वाचताय तर ती तीच. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही इराकमधल्या कूतच्या वेढ्यात होत्या, एप्रिल १९१६ मध्ये तिथं शरणागती झाली, त्यामुळे 'तुर्कांच्या कैदेत होते' ही घरची गोष्ट खरी असायची दाट शक्यता. महार शिपायाचा शोध असेल तर जरा सांभाळून. १९१७ ला उभी केलेली १११ महार १९२१ ला मोडली, आणि आजची महार रेजिमेंट १९४१ ची आहे, त्यामुळे पहिल्या युद्धातल्या माणसासाठी थेट सागरला (मध्य प्रदेश, महार रेजिमेंटचं केंद्र) पत्र टाकण्यात फारसा अर्थ नाही.

परत न आलेल्यांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची (युद्धात गेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकांची नोंद ठेवणारी संस्था) साइट बेस्ट, फुकट आहे. पहिल्या युद्धाची नोंद ३१ ऑगस्ट १९२१ पर्यंतच्या मृत्यूंची, दुसऱ्याची ३१ डिसेंबर १९४७ पर्यंतची. जे जिवंत परत आले ते तिथं सापडणार नाहीत, उगाच शोधत बसू नका. नाव टाकताना आपलं शुद्धलेखन विसरा, साहेबाच्या कारकुनाला जे ऐकू आलं ते त्यानं लिहिलं, पवारचं पोवार, जाधवचं जाधाव, भोसलेचं भोन्सले. मी तर म्हणतो आडनाव सोडूनच द्या, पलटण टाका आणि वडिलांचं नाव आणि गाव बघत जा. जिल्हा पण जुनाच असणार. सांगली १९४९ पर्यंत साताऱ्यातच धरा (संस्थानांची गावं सोडून), सिंधुदुर्ग १९८१ ला रत्नागिरीतून निघाला, आणि रायगड तर कुलाबाच.

नंबर-पलटण हातात आली की रेजिमेंटचं रेकॉर्ड ऑफिस, शिपायांचे कागद तिथंच असतात. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, तोफखान्याचं नाशिक रोडला. पत्रात 'माहिती द्यावी' एवढंच लिहू नका, 'शीट रोल नसल्यास लाँग रोलमधली नोंद द्यावी' असं लिहा (शीट रोल म्हणजे त्या एका शिपायाचा नोकरीचा कागद, लाँग रोल म्हणजे सगळ्या शिपायांची नोंदवही). हे महत्त्वाचं आहे, कारण पेन्शन न मिळालेल्या शिपायाचा शीट रोल २५ वर्षांनी नियमाप्रमाणे नष्ट करतात, आणि मग 'रेकॉर्ड नष्ट' असं एका ओळीचं उत्तर येतं आणि माणूस गप्प बसतो. शीट रोल मिळाला तर मात्र लॉटरी, त्यात भरतीची तारीख, बढत्या, वारस, गाव सगळं. उत्तरच आलं नाही तर आरटीआय, १० रुपये फी, ३० दिवस, सोबत मृत्यूचा दाखला आणि नात्याचा पुरावा जोडा, नाहीतर त्रयस्थ माणसाची माहिती म्हणून नकार येतो. दुसऱ्या महायुद्धातले असतील तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही एक चक्कर मारा, सरकारी मदत मिळालेल्या माजी सैनिकांची आणि विधवांची फाइल तिथं असू शकते.

लंडनची पाळी आता येते. लंडनमधल्या क्यू भागातल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये पलटणींच्या वॉर डायऱ्या (युद्धातल्या रोजच्या नोंदी) आहेत, त्यात शिपायाचं नाव जवळपास कधीच नसतं, पण कोणत्या दिवशी पलटण कुठं होती ते कळतं. शौर्यपदक मिळालं असं घरी सांगतात तर लंडन गॅझेट (ब्रिटिश सरकारचं राजपत्र) ऑनलाइन शोधा. आपल्याकडच्या नॅशनल आर्काइव्ह्जची 'अभिलेख पटल' ही वेबसाइट पण बघा, फक्त तिथं माणसाच्या नावानं नको, पलटणीच्या जुन्या इंग्रजी नावानं सर्च मारा, आणि मराठाचं जुनं स्पेलिंग Mahratta असं करायचं, मधे एच टाकून.