पहिला घोडा घरी आणायचाय? आमची टिकली कशी आली ते सांगते

टिकली आमच्याकडे येऊन आता सहा वर्षं झाली. तिला बघायला कुणीही आलं की विचारतं, घोडा घ्यायचा म्हणजे नेमकं करायचं काय, म्हणून एकदा सगळं नीट लिहूनच काढते. घाईत वाचत असाल तर एवढंच लक्षात ठेवा, पहिल्या भेटीच्या दिवशी पैसे द्यायचे नाहीत. कितीही आवडला तरी नाही.

सुरुवात घोडा शोधण्यापासून करूच नका. लेकीला आम्ही आधी दोन वर्षं शिकवणीच्या घोड्यांवर बसू दिलं, आणि नुसतं बसायला नाही तर लीद काढायला, खरारा करायला, बादल्या भरायला पण पाठवलं. भर पावसात चिखल तुडवूनही ती हसत परत यायची, तेव्हा कुठे घरात विषय निघाला. नीट सांभाळला तर घोडा २५-३० वर्षं जगतो, म्हणजे पोरं मोठी होऊन बाहेर पडली तरी तो तुमच्याकडेच असणार. आणि घेतानाचे पैसे एकदाच जातात हो, चारा, खूर, डॉक्टर, जागा हे मात्र दर महिन्याला सुरूच. आम्ही घोडा नसतानाच सहा महिने तेवढी रक्कम बाजूला काढून बघितली, निभतंय म्हटल्यावर पुढे गेलो.

आता चूक सांगते. पहिला बघितला तो चार वर्षांचा काळाभोर घोडा, इतका देखणा की आम्ही सगळेच पाघळलो. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, स्वारही नवखा आणि घोडाही नवखा, कोण कुणाला शिकवणार? तरी हट्टानं डॉक्टर बोलावला. त्यांनी पुढचा पाय वाकवून मिनिटभर धरला, सोडल्याबरोबर दुडकीवर पळवायला लावलं, तर पाय टेकताना त्याचं डोकं दर वेळी वर उडायला लागलं. पुढचा पाय दुखत असला की घोडा असंच करतो, दुखरा पाय टेकला की डोकं वर. लेक घरी येईपर्यंत रडत होती, मलाही भरून आलं होतं. पण त्या तपासणीचे पैसे सगळ्यात सत्कारणी लागले असं मी आजही म्हणते. फक्त डॉक्टर आपण निवडलेला हवा, विकणाऱ्याचा नेहमीचा नको, आणि रक्ताचा नमुना घ्यायला सांगा, म्हणजे वेदनाशामक किंवा गुंगीचं औषध देऊन उभा केलाय का ते कळतं.

टिकली फोटोत काहीच विशेष दिसत नव्हती. तांबूस रंग, १३ वर्षांची, पाठ जराशी खाली गेलेली, कपाळावर रुपयाएवढा पांढरा ठिपका. पहिल्या घोड्यासाठी १० ते १६ वय मला सगळ्यात चांगलं वाटतं, जग बघून झालेलं असतं आणि अंगात ताकदही असते. आम्ही आधीच सांगून ठेवलं होतं की आम्ही यायच्या आधी तिला खोगीर चढवू नका. गेल्या गेल्या पाठीला, छातीला हात लावून बघितला, अंग गार आणि कोरडं. गरम किंवा घामेजलेलं असतं तर समजायचं की आधीच पळवून दमवलंय. दाराच्या कडा कुरतडलेल्या आहेत का तेही बघा, लाकूड धरून हवा ओढायची खोड सहसा जात नाही.

वयाची खात्री दातांवरून. वरच्या जबड्यात समोरच्या दातांतला सगळ्यात कडेचा दात असतो, त्यावर साधारण १० व्या वर्षी हिरडीजवळ एक तपकिरी रेघ उमटते, १५ च्या सुमारास ती निम्म्यावर येते, २० ला टोकाला पोचते. टिकलीची रेघ निम्म्यापर्यंत यायला थोडीच बाकी होती, म्हणजे सांगितलेलं वय जुळत होतं. अर्थात हा अंदाजच असतो.

मग स्वारी. आधी मालकीण बसली, मग शिकवणाऱ्या बाई, शेवटी लेक. हा क्रम सोडू नका, विकणारा स्वतः बसायला कचरत असेल तर तिथूनच परत फिरा. पण माझं ठरलं ते आधीच, खूर बघताना. लेक वाकून नुसता पायावरून हात फिरवत होती, तर टिकलीनं आपणहून वजन दुसरीकडे टाकलं आणि खूर सैल करून तिच्या हातात दिलं.

तरी आम्ही चार वेळा गेलो, वेगवेगळ्या वेळी, एकदा सोसाट्याचा वारा असताना, बुजते का बघायला. मालकिणीनं आमच्यापेक्षा जास्त प्रश्न विचारले, आणि कागदावर अट घातली की कधी सांभाळणं जमलं नाही तर आधी मला विचारायचं. अशी मालकीण भेटली तर नशीब समजा.

आणताना तिचा जुना चाराच सोबत आणा आणि नवा ७-१० दिवसांत हळूहळू मिसळा. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे पोटशूळ जिवावर बेततो. पोटाकडे वळून बघते, खात नाही, सारखी लोळते, लीद होत नाही, यातलं काहीही दिसलं की लगेच डॉक्टरला फोन. दिवसाला २०-४० लिटर पाणी लागतं, आणि ४५० किलोच्या घोड्याला ७-९ किलो सुका चारा. एकटा ठेवू नका, कळपातला जीव आहे तो. आमच्या टिकलीला शेजारी एक म्हातारा घोडा होता. खूर दर ६-८ आठवड्यांनी, दात वर्षातून एकदा दाखवायचे.

पहिल्या रात्री तिच्या पाण्याच्या बादलीला मी खडूनं खूण केली, नवीन जागी घोडे पाणी पीत नाहीत असं ऐकलं होतं. टॉर्च घेऊन तीनदा जाऊन आले, पाणी तस्संच. पहाटे गेले तर पाणी खुणेच्या चार बोटं खाली, आणि टिकली दारावरून मान बाहेर काढून फुरफुरत उभी.